उतरंड खालून तपासायची: बूटच्या सुरुवातीला ओव्हरले अडतं तेव्हा

नागपुरात मे महिन्यात लाईट जाणं ही काही बातमी नसते. भर दुपारी सगळे कूलर चालू असतात, संध्याकाळी वावधन सुटून झाडाची फांदी तारेवर येते आणि सगळं एका क्षणात बंद पडतं. कळमन्याच्या वजनकाट्याजवळचा छोटा पीसी, बुटीबोरीतल्या कारखान्यातलं पॅनेल, सीताबर्डीच्या दुकानातलं बिलिंगचं रास्पबेरी पाय, यांना नीट शटडाउन करायला कोणाचा हात पोचत नाही. अशा मशीनवर मूळ फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती माउंट करायची आणि लिहिण्यासाठी तिच्यावर वेगळा थर चढवायचा, हा माझ्या मते सर्वांत खात्रीचा उपाय आहे. लिनक्समध्ये त्यासाठी ओव्हरले फाइलसिस्टिम आहे. ती २०१४ च्या डिसेंबरात आलेल्या ३.१८ या कर्नलपासून मुख्य शाखेत आहे. तिच्यात खालचा मूळ थर म्हणजे लोअर, बदल साठवणारा वरचा थर म्हणजे अपर, आणि ओव्हरलेच्या स्वतःच्या कामापुरती डिरेक्टरी म्हणजे वर्क.

अडचण अशी की मुळावरच, म्हणजे रूटवरच, थर चढवायचा तर तो सिस्टिम सुरू होण्याआधी चढवावा लागतो. ते काम इनिट्रॅमएफएसमध्ये होतं, म्हणजे खरं रूट माउंट होण्याआधी रॅममध्ये चालणाऱ्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये. तिथे टिकणारा लॉग नाही, नेटवर्क नाही, नेहमीची अर्धी साधनंही नाहीत. काही चुकलं की पडद्यावर एक ओळ येते आणि मशीन तिथेच बसून राहतं. ती ओळ कशी वाचायची आणि तिच्याखाली काय शोधायचं, यासाठी हा लेख आहे. (आज्ञा आणि पाथ इथे देवनागरीत लिहिले आहेत. टर्मिनलवर ते अर्थातच रोमन अक्षरांत टाइप करायचे.)

जुन्या घरात मडक्यांची उतरंड असायची. वरची लोटकी घरंगळली म्हणून कोणी लोटकीला दोष देत नसे, कारण तळाचं मडकं हललेलं असे. ओव्हरलेचंही तसंच आहे. एरर देतं ते सगळ्यांत शेवटचं ओव्हरले माउंट, पण दोष बहुतेक वेळा त्याच्याखालच्या कुठल्यातरी थरात असतो. डिव्हाइस वेळेवर आलेलं नसतं, मॉड्यूल नसतं, वरच्या थराची फाइलसिस्टिम चालण्याजोगी नसते किंवा क्रम चुकलेला असतो. म्हणून तपासणी नेहमी खालून वर करायची.

आधी मशीन योग्य जागी थांबवा

डेबियन आणि उबुंटूच्या इनिट्रॅमएफएस-टूल्सवर चालणाऱ्या मशीनमध्ये कर्नलच्या ओळीत 'ब्रेक=' देऊन हव्या त्या टप्प्यावर शेल मिळतं. ग्रबच्या (बूटलोडरच्या) मेनूत 'ई' दाबा, लिनक्सने सुरू होणाऱ्या ओळीतून 'क्वाएट' आणि 'स्प्लॅश' काढा, शेवटी ब्रेक जोडा आणि कंट्रोल-एक्सने बूट करा. रास्पबेरी पायवर हेच सीएमडीलाइन डॉट टीएक्सटीमध्ये लिहायचं. तिथे सगळं एकाच ओळीत राहिलं पाहिजे. एंटर दाबून दुसरी ओळ केली तर ती वाचलीच जात नाही.

कुठला ब्रेक द्यायचा हे महत्त्वाचं आहे. 'ब्रेक=माउंट' दिला तर रूट माउंट होण्याआधी थांबतं, म्हणजे डिव्हाइस दिसतंय का ते पाहता येतं. 'ब्रेक=बॉटम' ला रूट माउंट झालेलं असतं, पण इनिट-बॉटमच्या, म्हणजे शेवटच्या टप्प्याच्या, स्क्रिप्ट चालायच्या असतात. 'ब्रेक=इनिट' ला सगळं रचून झालेलं असतं, फक्त नव्या रूटमध्ये उडी मारायची बाकी असते. ओव्हरले बसलं असं मशीन सांगतंय पण पुढे सगळं विचित्र वागतंय, अशा वेळी 'ब्रेक=इनिट' सर्वांत उपयोगी. ड्रॅकट (इनिट्रॅमएफएस बनवणारं दुसरं साधन) वापरणाऱ्या वितरणांत 'आरडी.ब्रेक' देतात, आणि अपयश आलं की 'आरडी.शेल' ने शेल मिळतं. ड्रॅकट अडल्यावर 'रन' मधल्या इनिट्रॅमएफएस डिरेक्टरीत एक रिपोर्ट ठेवतो, आरडीएसओएसरिपोर्ट नावाचा. तो पेन ड्राइव्हवर घेऊन निवांत वाचता येतो.

पॅनेलला मॉनिटर नसेल तर 'कन्सोल=टीटीवायएस०,११५२००' देऊन सीरियल केबल लावा. फोनवर पडद्याचे व्हिडिओ काढून ओळी वाचण्यापेक्षा हे फार बरं पडतं.

आणखी एक सवय लावून घ्यावी अशी आहे. स्वतःच्या बूट स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट -एक्स' लिहा आणि तिचं आउटपुट /डेव्ह/केएमएसजी मध्ये वळवा. मग तुमच्या स्क्रिप्टची प्रत्येक ओळ कर्नलच्या संदेशांमध्ये मिसळून, वेळेसकट, डीमेसेज या (कर्नलचे संदेश दाखवणाऱ्या) आज्ञेत दिसते. मॉड्यूल कधी लोड झालं, डिव्हाइस कधी आलं आणि तुमचं माउंट त्याआधी धावलं की नंतर, हे एका नजरेत कळतं. कर्नलच्या ओळीत नुसतं 'डीबग' लिहिलं तर इनिट्रॅमएफएस-टूल्सही /रन/इनिट्रॅमएफएस मध्ये डीबग फाइल ठेवतात.

एरर वाचताना

इनिट्रॅमएफएसमधलं बिझीबॉक्सचं (आटोपशीर आज्ञांच्या संचाचं) माउंट फार मोघम बोलतं. 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट' एवढंच सांगून मोकळं होतं. खरं कारण कर्नलने डीमेसेजमध्ये लिहिलेलं असतं, 'ओव्हरलेएफएस:' ने सुरू होणाऱ्या ओळीत. म्हणून माउंट फसल्यावर पहिली आज्ञा 'डीमेसेज | टेल'.

'नो सच डिव्हाइस' किंवा 'अननोन फाइलसिस्टिम टाइप' आलं तर एरर क्रमांक असतो -१९. इथे डिव्हाइस या शब्दाने फसू नका. डिस्क शोधत बसाल, पण मुद्दा एवढाच असतो की ओव्हरलेचं मॉड्यूल लोड झालेलं नाही. डेबियन आणि उबुंटूच्या कर्नलमध्ये ओव्हरले हे वेगळं मॉड्यूल असतं, कर्नलमध्येच बसवलेलं नसतं. /ईटीसी/इनिट्रॅमएफएस-टूल्स/मॉड्यूल्स या फाइलमध्ये त्याचं नाव लिहा, 'अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू' चालवा आणि मग 'एलएसइनिट्रॅमएफएस' ची यादी ओव्हरले शब्दावर ग्रेप करून पाहा. यादीत मॉड्यूलची फाइल दिसल्याशिवाय रीबूट करू नका. खालचा थर स्क्वॉशएफएस (दाबलेली, फक्त-वाचनीय) इमेज असेल तर स्क्वॉशएफएस आणि लूप ही दोन मॉड्यूलंही हवीत. इमेज झेडस्टँडर्डने दाबलेली असेल तर कर्नलमध्ये त्याचा आधार चालू असावा लागतो. नसला तर कर्नल ते स्पष्ट शब्दांत सांगतो, पण ती ओळ ओव्हरलेच्या नव्हे, स्क्वॉशएफएसच्या नावाने येते.

-२ म्हणजे पाथ सापडला नाही. 'फेल्ड टू रिझॉल्व्ह' च्या पुढे नेमका कुठला पाथ ते लिहिलेलं असतं. वरच्या थराच्या पार्टिशनमध्ये अपर आणि वर्क या दोन डिरेक्टरी बनवायच्या राहिल्या, किंवा पार्टिशन माउंटच झालं नाही आणि रिकाम्या माउंट पॉइंटवर शोध चालला आहे, ही दोन नेहमीची कारणं.

-२२ चं कुटुंब मोठं आहे. वर्कडिर आणि अपरडिर एकाच माउंटवर असावे लागतात आणि एक दुसऱ्याच्या पोटात असून चालत नाही. म्हणून एका पार्टिशनच्या मुळाशी 'अपर' आणि 'वर्क' अशा शेजारी-शेजारी डिरेक्टरी करायच्या. पार्टिशनचं मूळच अपर म्हणून देऊन वर्क त्याच्या आत ठेवला की माउंट नाकारलं जातं. वरच्या थराची फाइलसिस्टिम फॅट असेल तर ती चालतच नाही, एनएफएसही वरच्या थराला चालत नाही. जुन्या पद्धतीने, 'एफटाइप=०' ठेवून बनवलेलं एक्सएफएस असेल तर आजचा कर्नल माउंट नाकारत नाही, फक्त इशारा देतो, पण तेही वापरू नका, कारण डिरेक्टरीच्या नोंदीतच फाइलचा प्रकार कळणं ओव्हरलेला आवश्यक असतं. ईएक्सटी४ घ्या आणि निर्धास्त राहा.

याच गटातली एक ओळ म्हणजे वरची फाइलसिस्टिम फक्त-वाचनीय आहे अशी तक्रार. काही एसडी कार्डं आयुष्य संपताना लिहिणं बंद करतात, माउंट आपोआप फक्त-वाचनीय होतं आणि त्यावर ओव्हरले उभं राहत नाही. इथे स्क्रिप्ट दुरुस्त करत बसण्यात अर्थ नाही, कार्ड बदला.

-१६ म्हणजे तोच अपर किंवा वर्क आधीच दुसऱ्या ओव्हरलेत वापरात आहे. ओव्हरलेचा 'इंडेक्स' हा माउंट पर्याय चालू असेल तर कर्नल नकार देतो. बंद असेल तर नुसता इशारा देऊन माउंट होऊ देतो, आणि तेच जास्त धोक्याचं, कारण दोन ओव्हरले एकाच अपरमध्ये लिहायला लागली तर परिणामाची हमी नाही. स्क्रिप्ट दोनदा धावते आहे का ते पाहा. -११६, म्हणजे 'स्टेल फाइल हँडल', इंडेक्स चालू असताना खालची इमेज बदलली किंवा अपर दुसऱ्या डिस्कवर कॉपी केला की येतो. ओव्हरले वरच्या थराच्या मुळाशी खालच्या थराची ओळख लिहून ठेवतं आणि पुढच्या वेळी ती जुळवून पाहतं. इमेज बदलली की नवा रिकामा अपर आणि नवा वर्क द्यायचा, हाच स्वच्छ मार्ग. -४० मध्ये 'सिंबॉलिक लिंक' चे शब्द दिसतात, पण बहुधा लिंकचा काही संबंध नसतो. वरचा आणि खालचा पाथ एकमेकांत गुंतलेले असतात.

स्क्वॉशएफएस खाली असताना 'नल यूयूआयडी डिटेक्टेड' अशी ओळ येते. ती निरुपद्रवी आहे. इमेजला यूयूआयडी (ओळख क्रमांक) नाही म्हणून काही सोयी बंद ठेवल्या, एवढंच कर्नल सांगतो.

हाताने एक-एक मडकं रचा

शेल मिळालं की स्क्रिप्टवर विसंबू नका. तेच टप्पे हाताने करा आणि प्रत्येकानंतर /प्रॉक/माउंट्स वाचा. खालची मांडणी लोकल-बॉटमच्या टप्प्यासाठी आहे, म्हणजे मूळ फाइलसिस्टिम /रूट वर येऊन बसलेली आहे.

मॉडप्रोब ओव्हरले
एमकेडिर -पी /रन/ओव्हीएल/लोअर /रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू
माउंट -टी टीएमपीएफएस -ओ साइझ=२५६एम,मोड=०७५५ टीएमपीएफएस /रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू
एमकेडिर -एम ०७५५ /रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू/अपर /रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू/वर्क
माउंट -ओ मूव्ह /रूट /रन/ओव्हीएल/लोअर
माउंट -टी ओव्हरले -ओ लोअरडिर=/रन/ओव्हीएल/लोअर,अपरडिर=/रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू/अपर,वर्कडिर=/रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू/वर्क ओव्हरले /रूट

यातला प्रत्येक तपशील कशासाठी आहे ते सांगतो, कारण सगळे घोळ इथेच होतात.

थर /रन च्या खाली का? इनिट्रॅमएफएस संपताना नव्या रूटमध्ये जाणारी आज्ञा जुन्या मुळातल्या सगळ्या फाइली पुसून टाकते, म्हणजे रॅम मोकळी होते. पुसताना ती फक्त त्याच फाइलसिस्टिमवरचं पुसते, वेगळ्या माउंटला हात लावत नाही. पण कोणी टीएमपीएफएस (रॅममध्ये राहणारी फाइलसिस्टिम) माउंट करायला विसरला आणि अपर सरळ इनिट्रॅमएफएसच्या मुळातच बनवला, तर तो अपर आतल्या फाइलींसकट पुसला जातो. उलट /रन हे आधीपासून वेगळं माउंट असतं आणि शेवटी ते आपल्या पोटातल्या सगळ्या माउंटसह नव्या रूटमध्ये सरकवलं जातं. त्यामुळे बूट झाल्यावरही /रन/ओव्हीएल/लोअर हा पाथ जिवंत राहतो.

हे केलं नाही आणि थर /एमएनटी सारख्या जागी ठेवले तर ओव्हरले चालू राहतं, कारण त्याने खालचे थर माउंटच्या क्षणीच धरून ठेवलेले असतात. त्याला पाथची पुन्हा गरज पडत नाही. पण तुम्हाला ते थर कुठून गाठता येत नाहीत. /प्रॉक/माउंट्स मध्ये लोअरडिर म्हणून जो पाथ छापलेला असतो तो आता अस्तित्वातच नसतो. अनेक जण इथे 'पाथ नाही, मग रूट चालतंय कसं' म्हणून तासन् तास घालवतात. तो पाथ म्हणजे माउंटच्या वेळी लिहिलेला जुना पत्ता, त्याहून जास्त काही नाही.

टीएमपीएफएस वेगळं का माउंट केलं? /रन ची स्वतःची जागा थोडी असते, इनिट्रॅमएफएस-टूल्समध्ये साधारणतः रॅमच्या १० टक्के. अपर थेट त्यात ठेवला तर दोन-चार लॉगमध्ये ते भरतं आणि मग सिस्टिमडीलाच (सगळ्या सेवा सुरू करणाऱ्या मुख्य प्रोग्रामला) लिहायला जागा उरत नाही. दुसरीकडे, टीएमपीएफएसला आकार न देता सोडलं तर ते निम्म्या रॅमपर्यंत फुगू शकतं.

०७५५ स्पष्ट लिहिलं ते सर्वांत छुप्या चुकीसाठी. जोडलेल्या रूटच्या परवानग्या खालच्या थराच्या नसतात, अपर डिरेक्टरीच्या असतात. स्क्रिप्टमध्ये कुठे यूमास्क (नव्या फाइलींच्या परवानग्या कमी करणारी सेटिंग) ०७७ असेल तर अपर ०७०० होतो, म्हणजे अख्खं / फक्त रूट वापरकर्त्याला उघडं. मशीन बूट होतं, लॉगिन प्रॉम्प्टही येतो, पण डीबस, एसएसएच आणि साधा वापरकर्ता, सगळे 'परमिशन डिनाइड' म्हणतात. फाइलींच्या परवानग्या पाहाल तर सगळ्या ठीक दिसतात. 'स्टॅट /' करा, एका ओळीत उत्तर मिळेल.

लोकल-बॉटमच का? इनिट-बॉटममध्ये यूडेव्हची (डिव्हाइस सांभाळणाऱ्या सेवेची) स्क्रिप्ट /डेव्ह ला नव्या रूटमध्ये सरकवते. तुमची स्क्रिप्ट त्यानंतर धावली आणि तिने रूट उचलून लोअरवर नेलं, तर /डेव्ह ही त्याच्याबरोबर खाली जातं. ओव्हरले खालच्या थरातल्या पोट-माउंटमध्ये, म्हणजे त्याच्या आत माउंट केलेल्या दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये, शिरत नाही, त्यामुळे नव्या रूटमधलं /डेव्ह रिकामं दिसतं. पुढचं दृश्य ठरलेलं: '/रूट/डेव्ह/कन्सोल उघडता येत नाही' आणि लगेच 'अटेम्प्टेड टू किल इनिट' असा कर्नल पॅनिक. लोकल-बॉटम यूडेव्हच्या त्या कामाआधी संपतं, म्हणून हा घोळ टळतो. इनिट-बॉटममध्येच ठेवायचं असेल तर क्रम स्क्रिप्टच्या वरच्या प्रीरेक ओळीतून ठरवावा लागतो. फाइलच्या नावापुढे आकडा लावून भागत नाही. आणि स्क्रिप्टला चालवण्याची परवानगी, म्हणजे एक्झिक्यूट बिट, नसेल तर ती काही न बोलता वगळली जाते.

पोट-माउंटचा हाच नियम /यूएसआर वेगळ्या पार्टिशनवर असेल तर पुन्हा भोवतो. ओव्हरलेमधून /यूएसआर रिकामं दिसतं, आजच्या वितरणांत /एसबिन हा /यूएसआर कडे जाणारा दुवा असतो, आणि मशीन म्हणतं इनिटच सापडत नाही. अशा मशीनवर /यूएसआर ला वेगळं बाइंड करा, किंवा त्याच्यासाठी दुसरं ओव्हरले.

चालू सिस्टिमवर ही स्क्रिप्ट तपासून पाहायचा मोह आवरा. सिस्टिमडी सगळी माउंट शेअर्ड करून ठेवतो आणि शेअर्ड माउंटच्या खालून मूव्ह करता येत नाही. स्क्रिप्ट बरोबर असूनही फसेल आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसाल. व्हर्च्युअल मशीन किंवा जुनं कार्ड घ्या आणि खरा बूट करून पाहा.

अनेक खालचे थर एकत्र देताना कोलनने वेगळे करतात. डावीकडचा सगळ्यांत वर. उलट दिलं तर कुठलीही एरर येत नाही, फक्त जुनी फाइल नवीवर बसते.

बूट झालं, आता सिस्टिमडी

ओव्हरले उभं राहिलं तरी मूळ एफएसटॅब (काय कुठे माउंट करायचं त्याची यादी) फाइल तीच असते. तिच्यात / साठी ईएक्सटी४ ची ओळ आणि 'एरर्स=रीमाउंट-आरओ' असा पर्याय असतो. सिस्टिमडीची रीमाउंट-एफएस सेवा ते पर्याय ओव्हरलेवर लावायला जाते. ओव्हरलेला ईएक्सटी४ चा पर्याय कळत नाही, आणि सेवा लाल होते. उपाय सोपा आहे. स्क्रिप्टमध्ये ओव्हरले बसल्यावर, नव्या रूटमधल्या एफएसटॅबमधून / ची ओळ सेड वापरून काढून टाका. बदल वरच्या थरात जातो, मूळ फाइल तशीच राहते.

फक्त /ईटीसी किंवा /व्हार वर ओव्हरले हवं असेल तर ते एफएसटॅबमध्येही लिहिता येतं. मात्र सिस्टिमडी अपरडिर आणि लोअरडिरचे पाथ वाचून अवलंबित्व काढत नाही. अपर /डेटा पार्टिशनवर असेल तर 'एक्स-सिस्टिमडी.रिक्वायर्स-माउंट्स-फॉर=/डेटा' हा पर्याय त्या ओळीत लिहावाच लागतो. नाही लिहिला तर कधी /डेटा आधी माउंट होतं, कधी ओव्हरले आधी धावतं. दहापैकी आठ वेळा बूट होणारं मशीन हे कधीच न होणाऱ्या मशीनपेक्षा वाईट.

/ईटीसी मात्र मी एफएसटॅबवर सोडणार नाही. सिस्टिमडी सुरू होताच /ईटीसी मधल्या सेवांच्या फाइली वाचतो. ओव्हरले नंतर बसलं तर वरच्या थरात सुरू करून ठेवलेल्या सेवा त्याला दिसतच नाहीत. मशीन-आयडीची फाइलही तिथेच असते, आणि ती दर बूटला बदलली तर जर्नलचे लॉग दर वेळी नव्या डिरेक्टरीत जातात. /ईटीसी चं ओव्हरले इनिट्रॅमएफएसमध्येच बसवा.

वरचा थर डिस्कवर ठेवायचा असेल तर

टीएमपीएफएसचा अपर लाईट गेली की कोरा होतो, आणि पॅनेलसाठी तेच हवं असतं. वजनकाट्याच्या पीसीत नोंदी टिकायला हव्यात. तिथे अपरला ईएक्सटी४ पार्टिशन लागतं, आणि मग तेच पार्टिशन नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या दिवसांत, रोज लाईटचे धक्के खाणार. इनिट्रॅमएफएस-टूल्स एफएससीकेची (फाइलसिस्टिम दुरुस्तीची) तपासणी फक्त रूट आणि /यूएसआर साठी करतात. तुमच्या अपरच्या पार्टिशनला कोणी तपासत नाही. स्क्रिप्टमध्ये माउंटच्या आधी 'ई२एफएससीके -पी' स्वतः चालवा आणि त्याचा परतीचा कोड बघा. ० म्हणजे ठीक, १ म्हणजे चुका दुरुस्त केल्या, पुढे चला. २ असेल तर रीबूट. ४ म्हणजे आपोआप न सुटणाऱ्या चुका उरल्या आहेत. ४ आल्यावर मशीन अडवून ठेवण्यापेक्षा टीएमपीएफएसचा अपर घेऊन सुरू करावं आणि पडद्यावर मोठ्या अक्षरांत इशारा द्यावा, म्हणजे बाजार चालू असताना काटा बंद पडत नाही. हा निर्णय स्क्रिप्टमध्ये आधीच लिहून ठेवा.

बोर्डवरचा सेल संपलेला असेल, किंवा रास्पबेरी पाय ४ सारखं घड्याळच नसलेलं मशीन असेल, तर बूटच्या वेळी तारीख जुनी असते आणि एफएससीके म्हणतं की शेवटचं माउंट भविष्यातलं आहे. ई२एफएससीके डॉट कॉन्फमध्ये 'ब्रोकन_सिस्टिम_क्लॉक' चालू करा, आणि ती फाइल इनिट्रॅमएफएसमध्ये गेली आहे की नाही ते यादीत पाहा.

पार्टिशन /डेव्ह/एसडीए२ अशा नावाने कधीच देऊ नका. लेबल किंवा यूयूआयडी द्या. पेन ड्राइव्ह लावलेला असताना बूट केलं की नावं सरकतात. यूएसबीवरची डिस्क उशिरा उमटते, म्हणून स्क्रिप्टमध्ये अर्ध्या-अर्ध्या सेकंदाने, जास्तीत जास्त १० सेकंद, डिव्हाइसची वाट बघणारं लूप ठेवा. आंधळा 'स्लीप ५' एखाद्या डिस्कला कमी पडतो आणि बाकीच्यांचा वेळ वाया घालवतो.

पार्टिशन शंभर टक्के भरलं तर एक वेगळंच घडतं. ओव्हरलेला वर्कच्या आत स्वतःची डिरेक्टरी बनवता येत नाही, तो डीमेसेजमध्ये 'मौंटिंग रीड-ओन्ली' लिहितो आणि माउंट यशस्वी झालं असं परत सांगतो. स्क्रिप्टला वाटतं सगळं ठीक. म्हणून माउंटनंतर एक फाइल लिहून-पुसून बघणं हा स्क्रिप्टचा भाग हवा. त्या वर्कच्या आत दिसणारी शून्य परवानग्यांची 'वर्क' नावाची डिरेक्टरी मात्र बिघाड नाही, ओव्हरले ती तशीच बनवतो.

इमेज बदलताना जुना अपर तसाच ठेवणं ही सर्वांत महागात पडणारी चूक. खाली नवीन लायब्ररी येतात, पण पॅकेजची यादी, पासवर्डची फाइल, कुठे-कुठे बदललेलं कॉन्फिगरेशन वरच्या थरात जुनंच असतं आणि तेच दिसतं. अपरच्या डिरेक्टरीला इमेजच्या आवृत्तीचं नाव द्या आणि नवी इमेज आली की नवा अपर. टिकवायच्या नोंदी ओव्हरलेत न ठेवता वेगळ्या, साध्या पार्टिशनवर ठेवल्या तर हा प्रश्नच उरत नाही.

अपर कॉपी करायचाच असेल तर लक्षात घ्या, पुसलेली फाइल तिथे ०,० क्रमांकाचं कॅरॅक्टर डिव्हाइस म्हणून असते, आणि पुसून नव्याने केलेल्या डिरेक्टरीवर 'ट्रस्टेड' गटातली एक खूण असते. साध्या टारने ती खूण गळते आणि पुसलेल्या फाइली परत दिसायला लागतात. रूट म्हणून 'आरसिंक -एएक्स' वापरा, त्यातला एक्स कॅपिटल. टारला 'एक्सॅटर्स' बरोबर ट्रस्टेड गट वेगळा सांगावा लागतो.

चालू मशीनवर रॅम भरते तेव्हा

खालच्या थरातली फाइल लिहिण्यासाठी उघडली की ती अख्खी वर कॉपी होते, बदल एका बाइटचा असला तरी. २ जीबीचा डेटाबेस खाली आणि २५६ एमबीचा अपर, तर उघडतानाच 'जागा नाही'. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे सुरुवातीच्या स्क्रिप्टमधला 'सीएचओन -आर'. नेहमीच्या सेटिंगमध्ये मालक बदलला तरी पूर्ण फाइल वर येते, म्हणजे एका ओळीने सगळं झाड रॅममध्ये. 'ड्यू -एक्सएच /रन/ओव्हीएल/आरडब्ल्यू/अपर' चालवून काय वर आलंय ते बघा, गुन्हेगार लगेच सापडतो. जर्नलला 'स्टोरेज=व्होलाटाइल' आणि 'रनटाइममॅक्सयूज=३२एम' द्या.

डॉकर (कंटेनर चालवणारं साधन) ओव्हरलेच्या रूटवर नीट चालत नाही, कारण एक ओव्हरले दुसऱ्याचा वरचा थर होऊ शकत नाही. त्याच्या डिरेक्टरीला खरं ईएक्सटी४ पार्टिशन द्या.

अपडेटची सापळ्यासारखी एक जागा आहे. टीएमपीएफएसचा अपर चालू असताना कोणी अपग्रेड केलं तर नवा कर्नल /बूट पार्टिशनवर जातो आणि तिथे टिकतो, कारण ते ओव्हरलेखाली नसतं. त्याची मॉड्यूलं मात्र /लिब/मॉड्यूल्स मध्ये, म्हणजे रॅममध्ये, आणि रीबूटला पुसली जातात. पुढच्या बूटला कर्नल नवा, मॉड्यूलं जुनी, नेटवर्क गायब. म्हणून रास्पबेरी पायवर रास्पी-कॉन्फिगमधल्या परफॉर्मन्स ऑप्शन्समधून ओव्हरले चालू करताना बूट पार्टिशनला लेखन-बंदी करायची का असं विचारलं जातं, तिथे 'हो' म्हणा. उबुंटूत ओव्हरलेरूट हे तयार पॅकेज वापरत असाल तर अपडेटसाठी 'ओव्हरलेरूट-सीएचरूट' मधून खालच्या थरात उतरा, किंवा एका बूटसाठी कर्नलच्या ओळीत 'ओव्हरलेरूट=डिसेबल्ड' द्या.

मशीन साइटवर नेण्याआधी टेबलावर असतानाच, डिस्कवर लिहिणं चालू असताना, प्लग ओढून किमान २० वेळा बूट करून पाहा. दर वेळी चार गोष्टी नोंदवा: / चा प्रकार ओव्हरले आहे का, लोअर फक्त-वाचनीय आहे का, अपरमध्ये लिहिता येतं का, आणि 'सिस्टिमसीटीएल --फेल्ड' ची यादी रिकामी आहे का. एका फेरीत पार्टिशन भरून ठेवा, एकीत अपरची डिस्क काढून ठेवा आणि एकीत घड्याळ एक वर्ष मागे घ्या.